कोशाची कसोटी

आत्याला सगळे आत्याच म्हणत. भाच्याने बोलायला शिकल्यावर ते नाव घेतलं आणि मग दूधवाल्यापासून खालच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. एकटा तिचा थोरला भाऊ तिला ठोंबी म्हणायचा. लहानपणी ती एकाच वर्गात दोनदा बसली होती, तेव्हाचं ते नाव. तिचे केस पांढरे झाले तरी ते बदललं नाही. दादा शब्दांतला एवढा मोठा माणूस, पण बहिणीपुरता त्याला एकच शब्द पुरला.

दादा कोशाच्या कचेरीत व्याख्या लिहायचा. कायद्याचे, इतिहासाचे आणि व्यापाराचे शब्द, जे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात आणि कारकून जन्मभर चुकीचे वापरतात, त्यांचा अर्थ दोन-तीन ओळींत बसवायचा, हे त्याचं काम. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. कार्डावर वर शब्द, खाली व्याख्या, आणि उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण. ती खूण झाली की कार्ड छापायला जायचं.

त्या लाल खुणेत आत्या कशी आली, ते सांगायला हवं.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला आणि सासरच्यांनी तिची ट्रंक दारात आणून ठेवली. वडील तेव्हा हयात होते. ते स्वतः जाऊन तिला घेऊन आले, ट्रंक जिन्यावरून चढवली आणि मागच्या खोलीत ठेवून म्हणाले, "ही खोली तुझी. कोणी ऊठ म्हणालं तर माझं नाव सांग." पुढच्या वर्षी वडीलच गेले. नाव सांगायला माणूस उरला नाही, पण खोली उरली. खिडकी खालच्या छापखान्याच्या पत्र्यावर उघडायची. दुपारी पत्र्यावरून उजेड उलटून छतावर पडायचा आणि सगळी खोली दुधासारखी पांढरी व्हायची. दार थोडं उचलून धरल्याशिवाय लागायचं नाही. आत्या त्या खिडकीत बसून शिंप्याकडच्या शाळेच्या शर्टांची काजं करायची. काजाला उजेड चांगला लागतो, आणि तसा उजेड त्या घरात दुसरीकडे नव्हता.

त्याच सुमाराला दादाची कार्डं वरिष्ठांकडून परत यायला लागली. शेरा एकच: वकिलाला कळेल, वाचकाला नाही. दादा धुमसत घरी आला. आत्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. त्याने उंबऱ्यात स्टूल ओढलं आणि म्हणाला, "ठोंबे, ऐक. तारण: घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीची हमी म्हणून ऋणकोने धनकोच्या स्वाधीन केलेली अथवा त्याच्या नावे बोजा निर्माण केलेली मालमत्ता. कळलं का?"

"नाही कळलं, दादा."

दादाने कार्ड फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्याला आत्या म्हणाली, "कळलं." ते कार्ड कचेरीत एका फटक्यात मान्य झालं. त्या दिवसापासून आत्या त्या कोशाची कसोटी झाली. कचेरीतले लोक गमतीने विचारत, "काय हो, आज कसोटीबाईंनी किती पास केले?" दादा म्हणायचा, "तिला कळलं की बैलालाही कळतं."

नियम दादाने घालून दिले होते. उत्तरं दोनच, कळलं किंवा नाही कळलं. प्रश्न विचारायचा नाही. "वाचक काय मला घरी येऊन विचारणार आहे?" तो म्हणायचा. आणि खोटं बोलायचं नाही. सुरुवातीला एकदा ती बोलली होती. दादा दमून आला होता, कार्ड तिसऱ्यांदा वाचत होता, त्याच्याकडे बघून तिला दया आली आणि ती 'कळलं' म्हणून गेली. ती व्याख्या छापली गेली आणि एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात तिची टर उडवली. दादाने तिला एक शब्दही सुनावला नाही. फक्त तिने वाढलेलं ताट तो बाजूला सारायचा आणि वहिनीला म्हणायचा, "मला दुसरं वाढ." अख्खा महिना हे चाललं. त्यानंतर आत्याने दादापाशी कधी दयामाया केली नाही. कळलं नाही तर नाही म्हणायची, चारदा म्हणायची, पाचदा म्हणायची, आणि त्याच्या शिव्या ऐकून घ्यायची.

अशी वर्षं गेली. ओलीस म्हणजे काय, मांडलिक म्हणजे काय, दिवाळं कधी निघतं आणि तह कधी मोडतो, हे सगळं तिच्या कानावरून गेलं. डोक्यात किती राहिलं कोण जाणे. ती काही विदुषी झाली नाही. सांगायला सांगितलं असतं तर एक व्याख्या तिला धड म्हणता आली नसती. तिला फक्त एवढं यायचं, की वाक्य आत गेलं की नाही ते ओळखायचं. घास गिळला की नाही हे घशाला कळतं तसं.

एकदा घसाऱ्याचं कार्ड होतं. "घसारा: वापरामुळे आणि वयामुळे वस्तूच्या किमतीत वर्षागणिक होणारी घट. उदाहरणार्थ..." दादा उदाहरण शोधायला इकडेतिकडे बघू लागला.

वहिनी ओट्याशी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही. "उदाहरण समोरच बसलंय की," ती म्हणाली.

दादा खो खो हसला. आत्याही हसली. मग म्हणाली, "कळलं," आणि त्याने लाल खूण केली.

कोशाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा दादाने प्रस्तावना तिला वाचून दाखवली. कचेरीतल्या सगळ्यांचे आभार होते, अगदी चहावाल्याचेही. शेवटी एक ओळ होती: 'माझ्या घरातील एका अल्पशिक्षित व्यक्तीच्या आकलनाचाही मला उपयोग झाला.'

"ती व्यक्ती म्हणजे कोण?" आत्याने विचारलं.

"प्रश्न विचारायचे नाहीत म्हणून सांगितलंय ना," दादा म्हणाला.

दादा निवृत्त झाला. भाचा शिकून वकील झाला, त्याचं लग्न झालं. दादाला कचेरीने घरी बसून कोशाची नवी आवृत्ती करायला सांगितलं, त्यामुळे तो खुशीत होता. भाच्याच्या मनात मात्र वेगळं होतं. हे जुनं घर विकायचं आणि गावाबाहेर नव्या इमारतीत मोठं घर घ्यायचं. गिऱ्हाईक ठरलं, बोलणी झाली आणि मग घोंगडं भिजत पडलं, कारण आजोबा मृत्युपत्र न करता गेले होते आणि कायद्याने घर भावाबहिणीचं निम्मंनिम्मं होतं. आत्याने आपला हक्क सोडल्याशिवाय विक्री होईना.

एका रविवारी सकाळी भाच्याने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. "आत्या, काही नाही, एक सही हवीये. मी वाचून दाखवतो. परवा नोंदणीच्या कचेरीत साहेब तुला विचारतील, समजलं का. तू म्हणायचंस, समजलं. संपलं."

त्याने वाचलं. कागद लांबलचक होता.

"मग मी राहायचं कुठे?" आत्याने विचारलं.

"ते बघू गं. तुला काय रस्त्यावर सोडणार आहोत?"

वहिनी म्हणाली, "वन्सं, आता किती छान सोयी निघाल्यात. आपल्या वयाच्या बायका, वेळेवर जेवण. भांडी घासायला नकोत, केर काढायला नको. मला कोणी पाठवलं तर मी आज जाईन."

"मग तुम्ही जा ना, वहिनी," आत्या म्हणाली.

भाच्याची बायको तोंडावर हात धरून आत गेली. वहिनीचा चेहरा कडक झाला.

आत्याने दादाकडे बघितलं. दादा काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. वडिलांनी ट्रंक जिन्यावरून चढवली तेव्हा दुसरी कडी त्यानेच धरली होती. दादाने कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक मुरडलं.

"भाषा काय ही? कोणी लिहिलं?"

"मी," भाचा म्हणाला.

"वाटलंच." दादाने कागद खाली ठेवला. "ठोंबे, कळलं का?"

इतक्या वर्षांची सवय. उत्तर जिभेवर आलं होतं. वाक्य बोजड होतं, पण अर्थ घशाखाली उतरला होता: खिडकी, खाट, उचलून लावायचं दार, सगळं जाणार. आत्याने एकदा टेबलावरचे खरकटे कप बघितले.

"नाही कळलं, दादा."

"ऐकलंस?" दादा मुलाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. "चार ओळी धड लिहिता येत नाहीत आणि म्हणे वकील. ठेव इथे. मी करून देतो."

अशा रीतीने बहिणीचं घर काढून घेण्याचं काम दादाने कोशाचं काम समजून अंगावर घेतलं. तो पुन्हा उंबऱ्यात स्टूल टाकून बसू लागला. "हक्कसोड: वारसाने मालमत्तेतील आपला वाटा दुसऱ्या वारसाच्या लाभात स्वखुशीने सोडून देणे. कळलं का?"

"नाही कळलं."

"अगं, हे कार्ड तू पूर्वी पास केलेलं आहेस!"

"तेव्हा कळलं असेल. आता नाही कळलं."

दादाने 'लाभात' काढून 'नावे' घातलं. 'वारस' काढून 'मुलगा-मुलगी' घातलं. आत्या शेंगा सोलत ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. पालथ्या घड्यावर पाणी. पहिले काही दिवस दादाला मजा वाटली. मग त्याची झोप कमी झाली. जेवताना हात थांबायचा आणि ओठ हलायचे. आयुष्यभर ज्या गोष्टीवर तो जगला ती गोष्टच त्याला येईनाशी झाली होती, आणि ते बघताना आत्याला जे वाटायचं ते दुःख नव्हतं. तिने स्वतःशी ते कबूल केलं. वर्षानुवर्षं तिला ठोंबी म्हणणारा माणूस तिच्यासमोर घामाघूम होत होता, आणि त्या दिवसांत तिला भूक चांगली लागत होती.

"बाबा, ती नाटक करतेय," भाचा म्हणाला.

"छे," दादा म्हणाला. "माझ्यापाशी ती खोटं बोलत नाही. आणि नाटक करायला डोकं लागतं."

शेवटी एका दुपारी तो हातात कार्ड न घेताच आला. स्टुलावर बसला. वहिनी भाजी चिरत होती, भाचा दारात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. दादा एकेक शब्द सुटा करून बोलला.

"हे घर अर्धं तुझं आहे. ते तू मला द्यायचं. दिलंस की तुझं इथे काही राहणार नाही. खोलीसुद्धा नाही. मग आम्ही घर विकणार आणि तुला दुसरीकडे नेऊन ठेवणार. कळलं का?"

वहिनीची सुरी थांबली. भाचा पेल्यात बघू लागला. जे कागदात इतकं गुंडाळून ठेवलं होतं ते असं उघडं पडल्यावर क्षणभर त्या दोघांनाही कुठे बघावं कळेना. दादाला मात्र तसलं काही जाणवलं नाही. तो फक्त तिच्या तोंडाकडे बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

"नाही कळलं, दादा," आत्या म्हणाली.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "यापेक्षा सोपं," तो पुटपुटला, "यापेक्षा सोपं मी जन्मात काही लिहिलं नाही."

भाच्याने पेला ओट्यावर ठेवला. "बरं," तो म्हणाला. "तिला कळतच नसेल तर प्रश्न वेगळा आहे."

दोनच दिवसांनी पुढच्या खोलीत डॉक्टर येऊन बसले. वहिनीने चहा ठेवला. भाच्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि दादाला म्हणाला, "बाबा, ते कार्ड वाचा तिला."

दादाच्या हातात जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कार्ड होतं. कोपऱ्यातली लाल खूण पुसट झाली होती. त्याने वाचलं, "असमर्थ व्यक्ती: स्वतःच्या व्यवहाराचा अर्थ आणि त्याचे परिणाम जिला समजत नाहीत अशी व्यक्ती. तिच्या वतीने न्यायालयाने नेमलेला पालक सही करतो."

आत्याने सोललेली शेंग ताटलीत ठेवली. "पालक कोण?"

दादा नियमाप्रमाणे काही बोलला नाही. भाचा बोलला. "बाबा. नाहीतर मी."

"आणि अशा माणसाला ठेवतात कुठे?"

"पालक ठरवेल तिथे. ती जागा काही बायकांच्या वसतिगृहासारखी नसते, आत्या. तिथल्या दारांना आतून कडी नसते." तो आवाज न चढवता बोलत होता. "म्हणून म्हणतो, नीट ऐक. डॉक्टर विचारतील. समजलं म्हणालीस तर सही तू करणार. नाही म्हणालीस तर सही आम्ही करणार. सही काय, व्हायचीच आहे."

इकडे आड, तिकडे विहीर; आणि दोन्ही ठिकाणी दोर त्यांच्याच हातात. आत्या हे सगळं भाच्याकडे न बघता ऐकत होती. तो तापाने फणफणला असताना तिने त्याला याच स्वयंपाकघरात मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. ते तिला आठवलं, आणि त्याला आठवत नसणार हेही लक्षात आलं. लहान मुलांना आपला ताप आठवत नाही.

तिने दादाकडे बघितलं. त्याने लाल पेन्सिल काढून तयार ठेवली होती.

"कळलं का, ठोंबे?" त्याने विचारलं. हुकूम सोडणारा दादा कुठे गेला होता कोण जाणे. तो विनवत होता.

"कळलं," आत्या म्हणाली.

"आणि ते दुसरं? हक्कसोड?"

"तेही कळलं."

दादाने खिशातून नवं कार्ड काढून त्यावर ठसठशीत लाल खूण केली. डॉक्टरांनी तिला वार विचारला, वय विचारलं, वजाबाकी घातली आणि बुद्धी शाबूत असल्याचा दाखला लिहून दिला. तो दाखला भाच्याने त्याच कागदांना जोडला, म्हणजे उद्या कोणी शंका काढायला नको.

"चला, बऱ्या झाल्या वन्सं," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी दादा चहा पिताना म्हणत होता, "मी सांगत नव्हतो? व्याख्या नीट असली की दगडालाही कळतं."

नोंदणीच्या कचेरीत साहेबांनी मान वर न करता विचारलं, "वाचून दाखवलं? समजलं? स्वखुशीने करताय?"

"कळलं," आत्या म्हणाली.

"हो म्हणा, बाई."

"हो."

बायकांच्या वसतिगृहात तिला जिन्याखालची खाट मिळाली. खोलीत सहा जणी होत्या. खिडकी होती, पण ती दुसऱ्या टोकाला, आणि तिच्याजवळची खाट वयाने आणि तोंडाने मोठ्या असलेल्या एका निवृत्त मेट्रनबाईची होती. दिवसा दिवा लावायला परवानगी नव्हती. आत्याने पहिल्याच आठवड्यात सुई गुंडाळून ट्रंकेत टाकली. अंधारात काज होत नाही. भोक पडतं, पण काज होत नाही.

वहिनी एकदा येऊन गेली, पुन्हा आली नाही. भाचा आलाच नाही. दादा मात्र दर आठवड्याला यायचा. बस बदलून यायचा, काठी टेकत, काखेत कार्डांचा डबा. नव्या आवृत्तीचं काम अडलं होतं. नव्या घरात त्याला ऐकणारं कोणी नव्हतं. वहिनी म्हणायची डोकं दुखतं, सून कानात काहीतरी घालून बसायची, आणि मुलगा म्हणायचा, "बाबा, हे सगळं आता फोनवर मिळतं."

भेटीच्या खोलीत बाकावर बसून दादा डबा उघडायचा. 'कशी आहेस' वगैरे नाही. "हं, ठोंबे. ऐक."

आत्या ऐकायची. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की दादाचं काहीतरी बिनसलंय. वाक्य नीट सुरू व्हायचं आणि मध्येच वाट चुकायचं. तारणाचं शेपूट गहाणाला लागायचं. तह कोणी कोणाशी केला तेच राहून जायचं. ओलीस ठेवलेला माणूस वाक्याच्या शेवटी मालक होऊन बसायचा. एकेक कार्ड गोटा गिळावा तसं घशात अडकायचं.

"कळलं का?"

"कळलं," आत्या म्हणायची.

"पहिल्याच झटक्यात?" दादाचा चेहरा उजळायचा.

"पहिल्याच झटक्यात."

तो खूण करायचा. खूण कधी कार्डावर पडायची, कधी त्याच्या गुडघ्यावर. "तुझं डोकं सुधारलं इथे येऊन," तो एकदा म्हणाला. "हवा मानवली."

"हो," आत्या म्हणाली. "मानवली."

डबा रिकामा व्हायचा, पुढच्या आठवड्याला भरून यायचा. एकदाही तिने कार्ड परत केलं नाही. कचेरीत जुन्यांपैकी कोणी उरलं नव्हतं. ज्या कार्डावर लाल खूण ते छापायचं, एवढी रीत मात्र उरली होती. दादा उठला की मेट्रनबाई खिडकीतून बघून म्हणायच्या, "भाऊ असावा तर असा. या वयात, एवढ्या लांबून. नशीबवान आहात हो."

"आहेच," आत्या म्हणायची.

पुस्तक निघालं. दादा ते घेऊन आला नाही. बरेच आठवडे तो फिरकलाच नाही. मग एका दुपारी आला, काखेत डब्याऐवजी जाडजूड कोश घेऊन. दाढी वाढली होती. तो बाकावर बसला.

"परत मागवलंय," तो म्हणाला. "सगळ्या प्रती. महाविद्यालयांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. वर्गात मुलं मोठ्याने वाचून हसतात म्हणे. माझं नाव घेऊन हसतात." त्याने कोश उघडून तिच्या मांडीवर ठेवला. "हे वाच. तारण. वाच."

आत्याने पानावर नजर फिरवली. ती ओळ तिला ओळखीची होती.

"तुला हे कळलं होतं?"

"नव्हतं कळलं."

"आणि हे? हे मांडलिक?"

"तेही नाही. त्यातलं एकही नाही, दादा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि उत्तराची वाट बघत नव्हता.

"मग 'कळलं' का म्हणालीस?"

"नाही कळलं म्हटलं की डॉक्टर आणतात," आत्या म्हणाली.

बाहेर जेवणाची घंटा झाली. बायका आपापली ताटं घेऊन व्हरांड्यातून जाऊ लागल्या. आत्याने कोश मिटून दादाच्या मांडीवर ठेवला. तो जड होता, त्याला एकदम पेलवला नाही, सरकून खाली पडला. दोघांपैकी कोणी वाकलं नाही.

"आवृत्ती पुन्हा करावी लागेल," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळी. पहिल्यापासून. मला एकट्याला कळत नाही गं आता, कुठलं बरोबर आहे ते. तू ऐकशील ना?"

"ऐकेन की. मला कुठे जायचंय?"

"खरं सांगशील?"

आत्याने बाकाखालचं आपलं ताट उचललं, बाहीने पुसलं.

"कार्डं घेऊन ये," ती म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.